वरण बंद केलं, तरी पट्टी हिरवीच

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: लघवीला फेस आला म्हणजे खाल्लेलं जास्तीचं प्रोटीन बाहेर पडतंय. डाळ, अंडी, पनीर बंद करा, रोज पाच लिटर पाणी प्या. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ) नॉर्मल असेल तर किडनी ठणठणीत. आणि डॉक्टरांनी त्यावर बीपीची गोळी लिहून दिली तर घेऊ नका, किडनी जाते ती तिच्यामुळेच. मी तालुक्याच्या गावी लॅब चालवते. काउंटरवर रोज कुणीतरी हा मेसेज माझ्यापुढे धरतं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी फेस. धार जोरात पडली, लघवी घट्ट असली, भांड्यात क्लीनर राहिलेला असला, तरी फेस येतो. रोज येत असेल आणि लवकर विरत नसेल तर जरूर तपासून घ्या. पण मधुमेहात सुरुवातीला जे जरासं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, जायला लागतं, त्याने बहुधा फेस येतच नाही. म्हणजे फेस दिसला म्हणून रडायला नको आणि नाही दिसला म्हणून निर्धास्त राहायलाही नको.

‘खाल्लेलं प्रोटीन बाहेर पडतं’ हे या मेसेजमधलं सगळ्यात मोठं खोटं. मागे एक काकू काकांना घेऊन आल्या. दीड महिना घरात वरण शिजलं नव्हतं, काका भातावर नुसतं सार घेत होते. घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. प्रोटीन असलं की हिरवी होणारी पट्टी लघवीच्या नमुन्यात बुडवून काढली, तर पिवळा चौकोन बघता बघता हिरवा झाला. काकू म्हणाल्या, “अगं, घरात डाळीचा दाणा नाही, मग हे येतं कुठून?”

काकांच्या रक्तातून. खाल्लेल्या प्रोटीनचे आतड्यातच तुकडे होतात. लघवीत सापडतं ते मुख्यतः अल्ब्युमिन, आणि ते यकृत बनवतं. एकेका किडनीत साधारण 10 लाख बारीक गाळण्या असतात. त्या धड असतील तर दिवसभरात 150 मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रोटीन लघवीत जातं. चहाच्या गाळणीची जाळी फाटली तर पावडर कपात येणारच, पावडर कमी टाकून जाळी शिवली जात नाही. किडनीचं काम बरंच घटलं असेल तर डॉक्टर प्रोटीन मोजून देतात, वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 0.8 ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ते 48 ग्रॅम होतं, त्यात वरणाची वाटी आरामात बसते. जिममधल्या पावडरीचे डबे मात्र अशा माणसाने लांबच ठेवावेत.

ही गळती ओळखायची युक्ती जुनी आहे. 1827 साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात मेणबत्तीवर तापवून ती गोठते हे दाखवलं होतं. मीही शिकताना परीक्षानळीचा वरचा भाग बर्नरवर धरायचे. गढूळपणा आला की ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकायचे. विरघळला तर फॉस्फेट, राहिला तर प्रोटीन.

पाच लिटर पाण्याची तर गंमतच आहे. लघवी पातळ होते, पट्टी फिकी येते, माणूस खूश. गळती तेवढीच! म्हणून एसीआर (अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो) करायचा. त्यात अल्ब्युमिन लघवीतल्याच क्रिएटिनिनच्या प्रमाणात मोजतात, त्यामुळे पाण्याची लबाडी चालत नाही. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन 30 मिलिग्रॅमच्या आत ठीक, 300 च्या वर गेलं तर गळती मोठी. अंगावर सूज असताना पाणी किती प्यायचं, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

रक्तातलं क्रिएटिनिन उशिरा बोलतं. किडनीचं काम जवळजवळ निम्म्यावर येईपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं. काकांचंही 1.1 होतं.

राहिली गोळी. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या गाळण्यांवरचा दाब उतरवतात, गळती कमी करतात. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढू शकतं, म्हणून डॉक्टर दोन-चार आठवड्यांनी ते आणि पोटॅशियम पुन्हा बघतात. तो चढता आकडा बघून कुणीतरी हा मेसेज लिहिला असणार. गुडघ्यासाठी मनानेच रोज घेतलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी किडनीला कितीतरी जास्त महागात पडते. तिच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा आणा. ताप असताना, पाळीत, किंवा खूप धावून आल्यावर नको, तेव्हा चांगल्या किडनीचा रिपोर्टही बिघडलेला येतो. एकदा जास्त आलं तर तीन महिन्यांत पुन्हा करून बघतात. टाइप 2 मधुमेह असेल तर निदान झाल्यापासून दर वर्षी एसीआर करा.

काकांची गोळी सुरू झाली, ताटातलं लोणचं-पापड गेलं, वरण परत आलं. पुढच्या नमुन्यासाठी काकू डबी घेऊन गेल्यात.