प्रेशर वाढवून कार्बोरेटरच्या गाडीला पिकअप येत नाही

ठाणे-नवी मुंबईत जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्यांच्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय. एसी पंप (इंजिनवर चालणारा पेट्रोलचा मूळ पंप) काढा, इलेक्ट्रिक बसवा, पेट्रोलचं प्रेशर सात पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) ठेवा. जास्त पेट्रोल जाईल, गायमुखचा चढ टॉप गिअरमध्ये निघेल, ट्रॅफिकमध्ये गाडी तापून बंद पडणार नाही. गेजचीही गरज नाही, पाइप बोटांत कडक लागला की झालं. हे वाचून लोक खरंच पंप बसवून घेताहेत, म्हणून लिहितोय. यात गाडी पेटू शकते.

जास्त प्रेशर म्हणजे जास्त ताकद, ही समजूतच मुळात चूक आहे. पंप इंजिनात पेट्रोल ढकलत नाही, तो फक्त कार्बोरेटरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, फ्लोट चेंबर भरतो; ही पेट्रोलची एक छोटी टाकीच. चेंबर हवेला उघडा असतो, पंपाचा जोर तिथेच संपतो. पुढे पेट्रोल ओढतो तो कार्बोरेटरच्या गळ्यातून जाणाऱ्या हवेचा वेग, आणि किती जायचं ते जेटचं भोक ठरवतं. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. खालचा पंप कितीही जोराचा असो, नळाची धार टाकीच्या उंचीवरच ठरते.

मग सात पीएसआयने होतं काय? चेंबरमध्ये येणारं पेट्रोल निडल वॉल्व्हची सुई अडवते. तिच्या सीटचं भोक २ मिलिमीटर धरलं, तर ३ पीएसआयला पेट्रोल सुईला सुमारे साडेसहा ग्रॅमच्या जोराने ढकलतं, ७ ला पंधरा ग्रॅमच्या. तिला दाबून धरायला असतो पेट्रोलवर तरंगणारा एक पोकळ, हलका फ्लोट. तो कमी पडला की चेंबर ओव्हरफ्लो.

माजिवड्याला आमच्या शेजारच्या काकांच्या ८०० ला एका गॅरेजने असाच पंप लावून दिला. एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर कार्बोरेटरचं तोंड ओलं, प्लग काजळीने काळेकुट्ट. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर, पाण्यासारखं पातळ आणि पेट्रोलचा भपकारा. अशा ऑइलवर बेअरिंग किती दिवस टिकणार? गेज लावला, साडेसहा. रेग्युलेटरने तीनवर आणलं, ऑइल बदललं.

आणि ज्या चढासाठी हा सगळा खटाटोप, त्याचं कारण वेगळंच निघालं. टाकीजवळचा रबरी पाइप कडक होऊन चिरला होता, पंप पेट्रोलाबरोबर हवा ओढत होता. चढावर गाडी दम टाकते तेव्हा बहुधा पेट्रोलचा पुरवठा कमी पडतो, आणि पुरवठा व प्रेशर या दोन वेगळ्या गोष्टी. ८०० पूर्ण दाबली तरी मिनिटाला पाव लिटरही पेट्रोल पीत नाही. आधी फिल्टर, पाइप आणि एसी पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) बघा.

गरमीच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे. तीन हात नाक्यावर तासभर रांगेत अडकलं की पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढवत नाही. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावला तर त्रास नक्की कमी होतो, पण ते पंपाच्या जागेमुळे. प्रेशर तीनच ठेवलं तरी फायदा तोच. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) गाडीचा पंप मात्र लावूच नका, तो चाळीस पीएसआयच्या घरातला.

बोटाने प्रेशर कळत नाही. तीन आणि सात, दोन्हीला पाइप सारखाच लागतो. पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये टी-जॉइंट टाकून ० ते १५ पीएसआयचा गेज लावा. आधी आयडलला बघा, मग रेस देऊन. आपल्याकडच्या बहुतेक कार्बोरेटर गाड्यांना ३ ते ४ पुरे, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. सर्वांत कमी प्रेशरने सुरुवात करून, चढावर पेट्रोल कमी पडत नाही तिथे थांबा.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. एसी पंप इंजिनबरोबर थांबतो, इलेक्ट्रिक पंप चावी चालू असेपर्यंत ढकलतच राहतो. धडकेत पाइप सुटला तर गरम एक्झॉस्टवर पेट्रोल पडत राहील. पंपाची वायर इंजिनातल्या ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या ऑइल प्रेशर स्विचमधून घ्या, म्हणजे इंजिन बंद झालं की पंपही बंद. काकांच्या गाडीत हा स्विच आम्ही त्याच दिवशी बसवला.