'कामा'तला वाव कुठे गेला?

अरबी शिकणाऱ्यांमध्ये एक दावा सारखा फिरत असतो. अरबी म्हणजे गणित: तीन व्यंजनांचा धातू साच्यात ओता, शब्द तयार, अपवाद शून्य. फक्त धातूत 'वाव' (व हे व्यंजन) किंवा 'या' (य हे व्यंजन) असलेली 'दुर्बल' क्रियापदं तेवढी अनियमित. लोकांनी आळसाने झिजवलेली, तेव्हा तक्ते घोका.

आधी 'अनियमित' घेऊ. 'जातो'चं 'गेला' होतं, हे अनियमित. 'जा'तून 'गे' काढणारा नियम आजच्या मराठीत नाही. आता 'कामा' (तो उभा राहिला) पाहा. धातू क-व-म. साच्याप्रमाणे 'कवमा' व्हायला हवं, पण दोन अकारांच्या मध्ये सापडलेला वाव विरतो आणि दीर्घ आ उरतो. 'मी उभा राहिलो'साठी 'तु' लावला की 'काम्तु' होईल, आणि दीर्घ स्वरापाठोपाठ असं जोडाक्षर अभिजात अरबीला सहसा खपत नाही. म्हणून स्वर ऱ्हस्व होतो, आणि गेलेल्या वावाची खूण म्हणून उ येतो: 'कुम्तु'. धातूत 'या' असेल तर इ येते: 'सारा' (तो चालला), 'सिर्तु'. आपली 'सैर' याच धातूची.

मग 'खाफा'चं (तो भ्याला) 'खिफ्तु' कसं? धातूत तर वाव आहे, 'खौफ'मध्ये तो स्वच्छ ऐकू येतो. शंका रास्त आहे. पण याचा साचाच वेगळा, 'खविफा', मधल्या व्यंजनावर इ असलेला. साच्याचा स्वर अ नसेल तर मान त्याचा. म्हणूनच पुढे वर्तमानकाळात 'यकूमु'सारखं (तो उभा राहतो) 'यखूफु' होत नाही, 'यखाफु' (तो भितो) होतं. हे एकदा कळलं की निम्मे तक्ते फेकून देता येतात.

आळसाचं म्हणाल, तर आळशी माणूस इतकं पारखून काम टाळत नाही. 'कव्वमा'त (त्याने सरळ केलं) वाव दुहेरी आहे, तिथे तो जागचा हलत नाही. त्याच धातूचे चार शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडेही आलेत. 'कौम'मध्ये वाव ऐकू येतो, 'मुकाम'मध्ये तो आ झालाय, 'कयामत'मध्ये मुळातल्या इकारामुळे य. 'कायम'मध्ये अरबीत त्याचा हम्जा (घशात आवाज क्षणभर अडवणारं व्यंजन) होतो, य नंतरचा.

'अपवाद शून्य' हेही खोटंच. कुराणात (५८:१९) 'इस्तह्वधा' (त्याने ताबा मिळवला) आहे, वाव शाबूत ठेवून. नियमाने 'इस्तहाधा' हवं होतं. वैयाकरणांनी ते लपवलं नाही, अपवाद म्हणून नोंदवलं.

राहिलं 'झिजणं'. लोक आधी 'कवमा' म्हणत आणि मग ते झिजलं, असं जुने वैयाकरणही सरसकट म्हणत नाहीत. इब्न जिन्नी (मृत्यू १००२) बजावतो की ही मूळ रूपं हिशेबापुरती धरलेली आहेत. एके काळी लोक तशी बोलत होते असा त्याचा अर्थ नाही.

त्याला हे सहज उमगलं नसावं. तरुणपणी तो मोसुलच्या मशिदीत शिकवत असताना अबू अली अल-फारिसी या वैयाकरणाने त्याला नेमकं हेच विचारलं, 'कामा'त वावाचा आ का होतो, आणि तो अडखळला, असं सांगतात. अबू अली म्हणाला, कच्चं द्राक्षही झाला नाहीस आणि बेदाणा होऊन बसलास? इब्न जिन्नीने शिकवणं सोडलं आणि चाळीस वर्षं त्याच्यामागे फिरला.