मिरज जंक्शनबद्दल फिरणारा तो मेसेज

“मिरज हे इंग्रजांनी बांधलेलं आणि त्यांच्या काळापासून तिन्ही गेज असलेलं भारतातलं एकमेव जंक्शन. त्यातली नॅरोगेज म्हणजे नुसती खेळण्यातली गाडी.” हा मेसेज गेल्या आठवड्यात मला चार ग्रुपवर आला. (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर: ब्रॉडगेज सर्वांत रुंद, मीटरगेज मधलं, नॅरोगेज सर्वांत अरुंद.) पाठवणारे सगळे आपलेच, सांगली-मिरजेचे. मिरजेचा अभिमान मलाही आहे, म्हणूनच हे चुकीचं पुढे जाऊ नये असं वाटतं.

इंग्रजांच्या काळात मिरजेत तिन्ही गेज नव्हतीच. पुणे-मिरज-बेळगाव ही सदर्न मराठा रेल्वेची लाइन मीटरगेज होती. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज पंढरपूरकडून मिरजेला पोचली १९२७ साली. पुण्याकडून ब्रॉडगेज आली ती १९७१ मध्ये, स्वातंत्र्यानंतर चोवीस वर्षांनी. म्हणजे ज्या तिन्ही गेजचं एवढं कौतुक चालतं, तो सगळा काळ स्वतंत्र भारतातला आहे.

‘एकमेव’ हेही खरं नाही. पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडी जंक्शनलाही ब्रॉडगेज, मीटरगेज आणि दार्जिलिंगची नॅरोगेज अशी तिन्ही होती.

‘इंग्रजांनी बांधलेलं’ म्हणताना आपण आपल्याच संस्थानांना विसरतो, याचं मला जास्त वाईट वाटतं. मिरज-कोल्हापूर फाटा कोल्हापूर संस्थानाचा. १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते कामाला सुरुवात झाली आणि १८९१ ला गाडी धावली. मेन लाइन सांगलीला बाजूला ठेवून गेली होती, तेव्हा १९०७ मध्ये मिरज-सांगली फाटा झाला तो सांगली संस्थानाचा. गाड्या चालवायला कंपनी होती, पण लाइन संस्थानांची.

आता ती ‘खेळण्यातली गाडी’. लहानपणी आजीबरोबर मी तिच्यातून पंढरपूरला गेलोय. डबा इतका अरुंद की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागायचे. आजीच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं, शेजारी कुणाची तरी तुळस, आणि वळण आलं की सगळा डबा एकदम “विठ्ठल, विठ्ठल” म्हणायचा. त्या माणसांसाठी ती वारीची गाडी होती.

आणि ती खेळण्यासाठी बांधलेलीही नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ७६२ मिलिमीटर अंतराच्या रुळांवरही भरपूर माल नेता येतो हे बार्शी लाइटवर दाखवून दिलं. दर चाकजोडीवर पाच टनांपर्यंत भार, मग त्या बेताने इंजिनं, वाघिणी (मालाचे डबे), सगळं नव्याने आखलेलं. खर्च कमी, त्यामुळे जिथे मोठी लाइन कुणी टाकली नसती त्या दुष्काळी मुलखात रेल्वे गेली. मिरजेत मात्र गेज बदललं की वाघीण पुढे जायची नाही. प्रत्येक पोतं एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचं, ते हमालांच्या पाठीवरून. तिन्ही गेजचा अभिमान बाळगताना ती पाठही आठवावी.

पुढे त्या नॅरोगेज मार्गाचं ब्रॉडगेज झालं. काही ठिकाणी वाट बदलली, पण मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर हा धागा तोच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा मिरजेत दहा टँकर वाघिणींत पाणी भरून पहिली ‘जलदूत’ निघाली ती याच बाजूने. सुमारे साडेतीनशे किलोमीटर जाऊन १२ एप्रिलच्या पहाटे ती लातूरला पोचली. पुढे पन्नास-पन्नास वाघिणी जाऊ लागल्या, एका खेपेला २५ लाख लिटर.