मार्कांवर पगार ठरवणार असाल, तर चिरेखाणीवरच्या पोरीचं काय ते आधी सांगा

गेल्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर डोंबिवलीच्या काकांनी एक मेसेज टाकला. हाच मेसेज त्याआधी मला आणखी तीन ग्रुपांवर आला होता आणि मी सोडून दिला होता. पण घरच्या ग्रुपवर माझी वहिनी आहे. ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. तिने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. रात्री भांडी आवरताना मला विचारलं, "भावोजी, हे खरंच लागू करणार काय हो?" तेव्हा मात्र गप्प बसवेना.

मेसेज थोडक्यात असा: जिल्हा परिषदेच्या मास्तरांना ऐंशी हजार पगार, सहा महिने सुट्टी, आणि त्यांचं काम तपासणारं कोणी नाही. फिनलंडमध्ये शिक्षकांचा पगार मुलांच्या मार्कांवर ठरतो. अमेरिकेने मार्क न आणणारे शिक्षक काढून टाकले आणि शाळा सुधारल्या. कोकण बोर्ड दरवर्षी पहिलं येतं, म्हणजे शिक्षकाने मनावर घेतलं की निकाल लागतोच. म्हणून ज्या वर्गाची सरासरी 75 टक्क्यांच्या खाली जाईल, त्या शिक्षकाची वेतनवाढ बंद करा.

फिनलंडचं आधी संपवतो, कारण ते धादांत खोटं आहे. तिथे नऊ वर्षांच्या मूलभूत शिक्षणात सगळ्या मुलांना बसावी लागेल अशी एकही देशव्यापी परीक्षा नाही. पहिली मोठी राष्ट्रीय परीक्षा होते ती उच्च माध्यमिकच्या शेवटी. शाळा-तपासणीची पद्धतही त्यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद केली. जिथे अशी परीक्षाच नाही, तिथे तिच्या मार्कांवर पगार ठरणार कसा? लिहिणाऱ्याने पाच मिनिटं शोधलं असतं तरी कळलं असतं.

पगार आणि सुट्टी. जुन्या शिक्षकांचा पगार चांगला आहे, नाही कशाला म्हणू? पण नवीन लागलेला प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो आणि त्याचं मानधन 16,000 रुपये आहे. 2023 च्या आधी ते 6,000 होतं. सुट्ट्या वर्षाला 76 आणि रविवार वेगळे. एकूण सव्वाचार महिने होतात, सहा नव्हे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला किमान 200 आणि सहावी ते आठवीला किमान 220 दिवस शाळा भरवावीच लागते.

काम तपासणारं कोणी नाही, हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. कागदावर व्यवस्था आहे. एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणसंस्थेने 2013 साली प्राथमिक शिक्षकांच्या कामाचे निर्देशक काढले, त्यांत सात मानकं आहेत: पाठाचं नियोजन, विषयाचं ज्ञान, शिकवण्याच्या पद्धती, मुलांशी आणि पालकांशी वागणं, स्वतःचं शिकत राहणं, शाळेच्या विकासात वाटा, हजेरी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानकं ठरवायला सांगितलं आहे. मानकं चांगलीच आहेत. पण वहिनीच्या वर्गात पूर्ण तासभर बसून तिचं शिकवणं कोणी पाहिलं, असं गेल्या चार वर्षांत एकदाच झालं. बाकीच्या भेटी म्हणजे दाखल्यांच्या फायली, पोषण आहाराची नोंदवही, ऑनलाइन माहिती भरली का, आणि लॉगबुकात शेरा. कामचुकार शिक्षक असतात, मीही पाहिलेत. त्यांना हीच पद्धत पाठीशी घालते, कारण फाइल नीट ठेवली की झालं. हे बदलायला हवं, याबद्दल काकांचं आणि माझं भांडण नाही.

भांडण आहे ते 75 टक्क्यांवर.

वहिनीच्या शाळेत तिसरीत तीन मुलं आहेत. आमच्याकडे वाड्यावाड्यांवर हीच गत. तरुण माणसं मुंबईला, वाडीत म्हातारी माणसं आणि कुलपं. तर तीन मुलं. त्यांतली दोघं वाडीतली, एकाला 80 आणि एकीला 76. तिसरी मुलगी चिरेखाणीवरची, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढतात त्या खाणीवरची. आईबाप कर्नाटकातल्या विजापूरकडचे, पाऊस संपला की येतात आणि पाऊस सुरू व्हायच्या आत जातात. मुलगी शाळेत आली दिवाळीनंतर. तिच्या चाचणीत 22. आता करा सरासरी: 178 भागिले तीन, म्हणजे 59. वहिनीची वेतनवाढ बंद. हीच मुलगी पटावर नसती, तर सरासरी 78 आणि वहिनी आदर्श शिक्षिका. शिकवणारी तीच, वर्ग तोच, फळाही तोच.

आणि ती मुलगी शाळेत आली कशी, तेही ऐका. वहिनी स्वतः खाणीवर गेली होती. साकवापलीकडे, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापलीकडे खाण, तिथे पत्र्याची खोपटी, सगळीकडे लाल धूळ. मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली. आई म्हणाली, ही शाळेत गेली तर याला कोण बघेल? वहिनीने भावालाही अंगणवाडीत घालून घेतलं, तेव्हा ती आली. मराठी येत नव्हतं. पाण्याला 'नीरू' म्हणायची आणि काहीही विचारलं की 'इल्ला', म्हणजे कन्नडमध्ये 'नाही'. तिसरीच्या वयाची, म्हणून कायद्याप्रमाणे तिसरीत बसली, पण अक्षरओळख एकाही लिपीची नव्हती.

वहिनीकडे एक दोनशे पानी वही आहे. त्यात प्रत्येक मुलाचं एक पान. त्या मुलीच्या पानावर पहिली नोंद आहे: 'पेन्सिल मुठीत धरते.' पुढे: 'क, म, र, ल ओळखते.' मग: 'काना दिला की अडते.' जानेवारीत: 'कमळ, मगर, बदक न अडखळता वाचलं. वजाबाकी हातच्याशिवाय जमते. खाणीवर चिरे मोजते, म्हणून शंभरापर्यंत तोंडपाठ.' माझ्या मते त्या तिघांत वर्षभरात सगळ्यात लांबची मजल हिने मारली. मेसेजवाल्याच्या हिशेबात मात्र ती फक्त 22 मार्कांचा खड्डा आहे.

पगार सरासरीला बांधला, की पुढच्या दिवाळीनंतर खाणीवर कोण जाईल? कुणी उघड नाही म्हणणार नाही. दाखला आणा, आधार आणा, जूनमध्ये या, असं सांगून परतवतील. आंब्याच्या बागांतल्या नेपाळी राखण्यांच्या मुलांचं तेच होईल. ज्याला शाळेची सगळ्यात जास्त गरज, तेच मूल शिक्षकाच्या पोटावर पाय देणारं ठरेल. हा मेसेज दहा जणांना पाठवणाऱ्यांपैकी एकाने तरी याचा विचार केला होता का?

अमेरिकेचं म्हणाल तर त्यांनी हा प्रयोग खरोखर केला, आणि त्याचं काय झालं तेही लेखी आहे. शिक्षकाने मुलाच्या मार्कांत किती भर घातली, हे सूत्राने काढायची पद्धत तिथे बऱ्याच राज्यांनी आणली. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन ही संख्याशास्त्रज्ञांची मोठी संस्था. तिला मास्तरांची बाजू घ्यायचं काही कारण नाही. तिने एप्रिल 2014 मध्ये निवेदन काढून सांगितलं, की मुलामुलांच्या मार्कांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला 1 ते 14 टक्के वाटाच शिक्षकाशिक्षकांतल्या फरकाचा असतो, असं बहुतेक अभ्यासांत आढळतं. शिक्षकाने फरक पडत नाही असा याचा अर्थ नव्हे, असंही त्यांनी तिथेच बजावलं. माझ्या मते अर्थ एवढाच, की मार्कांच्या यादीवरून शिक्षकांची क्रमवारी लावू नये. न्यूयॉर्क राज्यात शेरी लेडरमन नावाच्या चौथीच्या शिक्षिकेला या सूत्राने एका वर्षी 20 पैकी 14 दिले आणि पुढच्याच वर्षी 1, तिच्या मुलांचे निकाल दोन्ही वर्षं साधारण सारखेच असताना. ती कोर्टात गेली. 2016 मध्ये न्यायाधीशांनी तो 1 गुण मनमानी ठरवून रद्द केला. अटलांटात तर मार्कांच्या दडपणाखाली शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्या. 2011 च्या सरकारी चौकशीत 44 शाळांमधल्या 178 जणांची नावं आली.

कोकण बोर्डाचा अभिमान मलाही आहे. 2025 च्या दहावीला कोकणाचा निकाल 98.82 टक्के आणि नागपूरचा 90.78. पण नागपूर विभागात गडचिरोली येतं. तिथला शिक्षक आमच्यापेक्षा आठ टक्के आळशी आहे, असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

मग मुलांच्या प्रगतीवरून शिक्षकाचं काम बघूच नये का? बघावं, आणि वहिनीलाही तेच हवंय. पण जूनमध्ये, किंवा मूल ज्या दिवशी आलं त्या दिवशी, ते कुठे होतं ते लिहा. त्याच्यापुरतं ध्येय ठरवा आणि एप्रिलमध्ये तेवढंच तपासा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाचं कर्तव्य म्हणून हेच लिहिलंय: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहा आणि लागेल तिथे जादा शिकवा. केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, वर्षातून तीनदा तरी वर्गात पूर्ण तास बसावं, ती वही उघडावी, मुलाला उभं करून वाचून घ्यावं. शिक्षक कमी पडत असेल तर तिथेच सांगावं, तरीही सुधारला नाही तर खुशाल कारवाई करावी.

काका, शिमग्याला तुम्ही येताच. तेव्हा सकाळची शाळा असते, पालखी आपल्या घरी दुपारी येते. सात वाजता माझ्याबरोबर साकवापर्यंत चला. खाणीवरचं कुटुंब तेव्हा इथेच असेल. त्या मुलीकडून एक पान वाचून घ्या आणि वहिनीच्या वहीतली पहिली नोंद बघा. तोवर तो मेसेज ग्रुपवरून काढा, वहिनी तो रोज उघडून वाचते.