दगडापेक्षा वीट मऊ, पण ही वीट निवडली कोणी?

2028 ला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणून कोण येणार यावर आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर आत्तापासून पैजा लागायला लागल्यात आणि खरं सांगते, मला धसकाच बसलाय. निकालाचं एकवेळ सोडा, त्याच्या आधीचं जे वर्ष-दीड वर्ष असतं ना, ते परत काढायचंय या विचारानेच. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माणसाला विचारा. न्यू जर्सीवाल्यांना नाही कळायचं. नदीच्या पलीकडे राहतात, पण त्यांचं राज्य कुठे जाणार हे सगळ्यांना आधीच माहीत, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. राष्ट्राध्यक्ष ज्या इलेक्टोरल मतांवर ठरतो ती आमची 19, आणि कुठेही जाऊ शकतात अशी, म्हणून सगळे आमच्याच उरावर.

2024 चा ऑक्टोबर आठवतोय. पोस्टाच्या पेटीतून रोज ती जाड गुळगुळीत कागदाची पत्रकं निघायची, एकात कमला हॅरिस देश बुडवणार, त्याच्याच खालच्यात ट्रम्प देश बुडवणार. फोनवर टेक्स्टचा पाऊस. यूट्यूबवर चकलीची भाजणी बघायला जावं तर आधी कोणीतरी खर्जातल्या आवाजात तुम्हाला घाबरवणार आणि मग चकली. वर इलॉन मस्क पिटिशनवर सही करणाऱ्यांपैकी एकाला रोज दहा लाख डॉलर देतोय म्हणून बातम्या. भीक नको पण कुत्रं आवर! आणि एवढ्या सगळ्या रद्दीत आमचा माणूस चांगला आहे, तो अमुक करेल असं सांगणारं पत्रक मला तरी क्वचितच दिसलं. सगळा जोर दुसऱ्याला मत दिलंत तर काय होईल यावर. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की दोन्ही पार्ट्यांना आता कळून चुकलंय, लोकांना आवडेल असा माणूस उभा करायला कष्ट पडतात, समोरच्याची भीती घालणं त्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. आणि आपण घाबरतो, त्यामुळे चालून जातं.

27 जून 2024 ची अटलांटाची डिबेट आम्ही चार घरं मिळून बघत होतो, पावभाजी वगैरे करून, मॅच असल्यासारखं. पहिल्या पंधरा मिनिटांत पाव तसेच राहिले. बायडन 81 वर्षांचे, वाक्य सुरू करायचे आणि मधेच हरवायचे, मेडिकेअरचं, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचं, काहीतरी बोलताना तर अक्षरशः धागाच सुटला. शेजारी 78 वर्षांचे ट्रम्प, वाट्टेल ते ठोकून देतायत पण काय तो आत्मविश्वास. एक मैत्रीण म्हणाली, अगं आपल्याकडे बँकेत साठीला घरी पाठवतात. इथल्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला किमान वय 35 हवं असं लिहिलंय, कमाल काहीच नाही. तेहतीस-चौतीस कोटींचा देश आणि 2020 ला जे दोन म्हातारे होते तेच परत. त्या वेळी ग्रुपवर जो वैताग होता तो कुठल्या एका बाजूचा नव्हताच. दोन्हीकडचे लोक तितकेच चिडलेले. सर्व्हेवाल्यांनी तर अशा मतदारांना नावच दिलेलं, डबल हेटर.

पण मला राग येतो तो याचा की हे दोघं आकाशातून पडले नव्हते. हे ठरलं प्रायमरीत, म्हणजे पार्टीचा उमेदवार निवडायची जी आधीची निवडणूक असते तिच्यात. डेमोक्रॅटांमध्ये मिनेसोटाचे डीन फिलिप्स उभे राहिले होते, बायडनच्या वयाबद्दल उघड बोलत होते, त्यांना पक्षात कुत्रं विचारत नव्हतं. आमची प्रायमरी 23 एप्रिलला होती. मी रजिस्टर्ड डेमोक्रॅट आहे त्यामुळे गेले. मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षासाठी छापलेली नावं दोन, बायडन आणि आधीच माघार घेऊन बसलेले हेच फिलिप्स. याला निवडणूक म्हणायचं! रिपब्लिकनांकडे ट्रम्पविरुद्ध उभ्या राहिलेल्या निक्की हेलींनी मार्चमध्येच गाशा गुंडाळला होता तरी एप्रिलमध्ये आमच्या राज्यात दीड लाखाहून जास्त रिपब्लिकनांनी त्यांच्याच नावावर मत दिलं. ज्या बाईने दीड महिन्यापूर्वी सोडून दिलंय तिला मत द्यायला दीड लाख लोक घरातून निघाले, यापेक्षा वैताग आणखी कसा दाखवणार? मिशिगनमध्ये एक लाखाहून जास्त डेमोक्रॅटांनी गाझावरून 'अनकमिटेड'वर, म्हणजे कोणाशीच बांधील नाही या पर्यायावर, शिक्का मारला. आणि नेवाडाचं तर भारीच. तिथे मतपत्रिकेवर 'यांपैकी कोणीही नाही' हा पर्याय 1975 पासून आहे, आपला नोटा आला 2013 ला. तर फेब्रुवारीत त्या प्रायमरीत ट्रम्पचं नाव नव्हतं, हेलींचं होतं, आणि हेली चक्क 'कोणीही नाही'कडून हरल्या. तेही कुठे थोडक्यात नाही, दणदणीत.

एवढे सिग्नल येऊनसुद्धा कोणी काही केलं का? बायडन थांबले 21 जुलैला, सगळ्या प्रायमऱ्या संपल्यावर. मग हॅरिस आल्या. मला त्या आवडल्या होत्या, अजून आवडतात, फिलाडेल्फियाच्या डिबेटमध्ये तर ट्रम्प ओहायोच्या स्प्रिंगफिल्डमध्ये बाहेरून आलेले लोक कुत्री खातायत म्हणाले तेव्हा हॅरिसचा चेहरा बघण्यासारखा होता. पण 2024 च्या एकाही प्रायमरीत त्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार नव्हत्या हे खरंच आहे ना, आणि हातात दिवस होते फक्त 107. त्यात एका टीव्ही शोमध्ये विचारलं की बायडनपेक्षा तुम्ही वेगळं काय केलं असतं, तर म्हणे आत्ता काही सुचत नाही. अहो, सगळा देश त्या एकाच प्रश्नाचं उत्तर ऐकायला बसलाय!

आमच्या ग्रुपवर वेगळीच जत्रा. अर्धे लोक, हॅरिस म्हणजे श्यामला गोपालनची मुलगी, आपली पोरगी, तमिळनाडूत आजोळच्या गावी पूजा चाललीय. उरलेले अर्धे, ट्रम्पच्या जोडीला उभ्या असलेल्या जेडी वॅन्सची बायको उषा पण आपलीच की, तेलुगू घरातली. पुण्याहून एक मामा रोज सकाळी साडेसहाला विश्लेषण पाठवायचे, मोदींना कोण सोयीचं त्याप्रमाणे तुम्ही मत द्या म्हणून. मी एकदा लिहिलं, मामा, माझा हेल्थ इन्शुरन्स मोदी भरत नाहीत. दोन दिवस अबोला. उंटावरून शेळ्या हाकणं आपल्या लोकांना फार जमतं.

शेजारचे आजोबा मात्र मला जास्त कळले. कोट्सव्हिलच्या स्टील मिलमधून रिटायर झालेले, बायको नाही, कुत्रा आहे, आमच्या घरी कोणी नसलं की पार्सलं आत ठेवतात. हाताला दांडगे, सत्तरी ओलांडली तरी स्वतःची पानं स्वतः गोळा करतात. ऑक्टोबरच्या शेवटी असंच कुंपणापाशी बोलत होतो, मी सरळ विचारलं कोणाला. म्हणाले ट्रम्पला. वर म्हणाले, तो माणूस मला थँक्सगिव्हिंगला माझ्या टेबलावर बसलेला चालणार नाही. मग का? तर त्यांनी खिशातून किराण्याची पावती काढली, खरंच खिशात होती, आणि अंडी, कॉफी, कुत्र्याचं खाणं एकेका ओळीवर बोट ठेवत गेले, दर वेळी आधी किती होतं ते सांगत. 2022 च्या जूनमध्ये महागाई 9.1 टक्क्यांवर गेली होती, नंतर उतरली, पण महागाईचा दर उतरला म्हणजे अंडी जुन्या भावाला मिळायला लागली असं नसतं हे टीव्हीवरच्या इकॉनॉमिस्ट लोकांना आजोबांनी शिकवलं पाहिजे. डेमोक्रॅट परत आले तर पेन्शनमध्ये भागणार नाही ही त्यांची भीती. मी माझी सांगितली. 6 जानेवारी 2021 ला कॅपिटॉलमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, ट्रम्पच्या समर्थकांनी जे केलं ते मी कामावर फोनवर लाइव्ह बघितलंय, 34 गुन्ह्यांत दोषी ठरलेला माणूस, हरला तर मानणार नाही आणि जिंकला तर कोणाचं ऐकणार नाही, आणि माझ्या लेकीच्या शरीराचे निर्णय 2022 च्या सुप्रीम कोर्टाच्या त्या गर्भपाताच्या निकालानंतर कुठल्या राज्यात राहतो त्यावर. ते ऐकत होते, वाद नाही घातला. शेवटी म्हणाले, म्हणजे तू पण हॅरिस आवडते म्हणून देत नाहीयेस. मी म्हटलं, आवडते हो थोडी. हसले. पण खरं विचाराल तर त्यांनी ओळखलंच होतं.

लेकीचं पहिलं मत होतं. एकोणीस वर्षांची, गाझावरून दोन्ही पार्ट्यांवर सारखीच भडकलेली. आमच्याकडे मेल बॅलट आलं होतं, किचनच्या टेबलावर बसलो दोघी. ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी, मोठा कागद असतो, काळ्या पेनने गोल भरायचे, मग तो कागद आधी पिवळ्या पाकिटात, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, बाहेरच्यावर सही आणि तारीख. पिवळं पाकीट विसरलात तर मत बाद. पोरीने सिनेटचा गोल भरला, ॲटर्नी जनरल, ऑडिटर, ट्रेझरर, काँग्रेस सगळं भरलं, आणि सगळ्यात वरचं राष्ट्राध्यक्षाचं कोरं. पेन टेबलावर ठेवलं. म्हणाली आई, मी यातल्या कोणालाच हो म्हणू शकत नाही. मग मी आईगिरी सुरू केली. 2000 सालचं फ्लोरिडा सांगितलं, बुश 537 मतांनी जिंकले आणि ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडरना तिथे 97 हजारांवर मतं होती, नंतर इराक झालं. 2016 ला आपल्याच राज्यात ट्रम्प फक्त 44 हजारांनी पुढे होते. तर ती म्हणते, म्हणजे मी आयुष्यभर असं कोणाला तरी घाबरूनच मत द्यायचं का? मी चहा टाकायला उठले. ती कागद घेऊन वर गेली, खाली आली तेव्हा पाकीट चिकटवलेलं होतं. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पिवळं पाकीट त्याचसाठी असतं.

निकाल सगळ्यांना माहीतच आहे, 312 विरुद्ध 226, आमच्यासारखी कुठेही जाऊ शकणारी सातच्या सात स्विंग स्टेट ट्रम्पकडे गेली, आमचंही साधारण सव्वा लाखाने. ज्यांना हा निकाल हवा होता त्यांना मिळाला, लोकशाही आहे. पण आपल्याच लोकांतल्या एका गटाबद्दल बोलायलाच पाहिजे. जून 2024 मध्ये ट्रम्प एका पॉडकास्टवर म्हणाले होते की इथल्या कॉलेजातून डिग्री घेतली की डिग्रीबरोबर ग्रीन कार्ड मिळालं पाहिजे. ते क्लिप ग्रुपवर इतक्या वेळा फिरलं की पाठ झालं. सिटिझन झालेल्या कित्येकांनी भावा-भाच्याच्या ग्रीन कार्डासाठी म्हणून त्यांना मत दिलं. आणि ज्यांच्यासाठी दिलं त्यांची काय गत? 20 जानेवारी 2025 ला पहिल्याच दिवशी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर ऑर्डर, त्यात एच-वन-बीवाल्यांची, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांची, पोरंसुद्धा धरलेली, कोर्टांनी अडवली म्हणून. मग 19 सप्टेंबरला शुक्रवारी संध्याकाळी एच-वन-बीला एक लाख डॉलर फी.

आमच्या ओळखीतला एक मुलगा तेव्हा वडिलांच्या श्राद्धासाठी नाशिकला गेला होता. तिकडे शनिवारची पहाट, फोनवर ऑफिसचं मेल, उद्या रात्रीच्या आत अमेरिकेत परत या. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. आईने रात्रीच उडीद भिजत घातले होते. हा मिळेल त्या भावाचं तिकीट काढून टॅक्सीने मुंबईला, आणि तो वाटेत असतानाच व्हाइट हाऊसचा खुलासा यायला लागला की फी नवीन अर्जांना आहे, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. पण मेलमध्ये परत या लिहिलंय, आणि खुलाशावर भरवसा कोण ठेवणार, गेला तसाच. वडिलांचं पान त्याच्या चुलत भावाने वाढलं. आता सांगा, या मुलाला प्रायमरीत आणि नोव्हेंबरमध्ये, दोन्ही वेळी मत नव्हतं. वर्षानुवर्षं टॅक्स भरतो, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, आणि एका देशाला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त द्यायचे नाहीत या नियमामुळे भारतीयांची रांग कुठे संपते ते दिसतही नाही. सगळ्यात जास्त भीती ज्यांना आहे त्यांना मतच नाही, आणि ज्यांना आहे ते आपण, एप्रिलच्या त्या मंगळवारी कामावर असतो.

हो, मंगळवारी. सुट्टी नसते. त्यात आमच्या राज्यात प्रायमरी बंद दाराची, म्हणजे तुम्ही ज्या पार्टीत रजिस्टर्ड आहात तिच्याच उमेदवारांत मत द्यायचं, आणि इंडिपेंडंट असाल तर या निवडीत तुम्हाला जागाच नाही. आणि आपले लोक नेमके इंडिपेंडंट! सिटिझनशिपची ओथ घेतली की मतदार नोंदणीचा फॉर्म भरायचा, त्यात आपण 'नको बाबा ही पार्टीबिर्टीची भानगड' म्हणून तो चौकोन रिकामा सोडतो, आणि मग नोव्हेंबरमध्ये हातावर हात मारून म्हणतो काय हे दोन नमुने दिलेत. दिलेत कसले, तेव्हा आपण हजरच नव्हतो. पार्टी बदलायला ऑनलाइन पाच मिनिटं लागतात, प्रायमरीच्या 15 दिवस आधीपर्यंत चालतं. पटत नसेल तर प्रायमरीच्या दुसऱ्या दिवशी परत बदला, कोणी विचारत नाही.

लेकीला हे मान्य नाही. तिने गेल्या वर्षी स्वतःचं रजिस्ट्रेशन बदलून 'नो अफिलिएशन' करून टाकलं, या दोन्ही दुकानांत माझं नाव नको म्हणे, आणि दार उघडायचंय तर सगळ्यांसाठी उघडा, मी का आत यायला तुमची पावती फाडू. मी म्हणते, मग तोपर्यंत हेली आणि फिलिप्ससारखी माणसं पडतच राहणार. ती म्हणते, त्यांना मी असते तरी पाडलं असतं. आता यावर काय बोलणार! परवा रात्री साडेअकरापर्यंत हेच चाललं होतं, नवरा मधे दोनदा येऊन लाइट बंद करून गेला.