सहा माणसं, चार दिवस आणि माझा फाजील सल्ला

ताई,

तुमची प्रतिक्रिया येऊन आठ दिवस झाले. त्याच रात्री उत्तर दिलं असतं तर ते चिडून दिलं गेलं असतं, म्हणून थांबलो. नंतर दोनदा वाचली आणि लक्षात आलं की चिडण्यासारखं त्यात फारसं नाही. जे आहे ते बहुतेक खरं आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 'नाशिकला येताय? आधी यादी फाडून टाका' या लेखात मी लिहिलं होतं की आपला स्वभाव ओळखा आणि त्याला मानवेल तेवढंच करा, बाकीचं बिनधास्त सोडा. सोलापूरच्या या ताई तो लेख वाचून डिसेंबरात सहकुटुंब चार दिवस आल्या. घरी परतल्यावर त्यांनी लिहिलं, त्यातलं थोडं असं:

"आम्ही सहा जण. मी, हे, नववीतला मुलगा, चौथीतली मुलगी, सासूबाई आणि नणंद. सहा जणांचे सहा स्वभाव. ते ओळखत बसलो असतो तर गाडीतून उतरणंच झालं नसतं. त्र्यंबकला साडेतीन तास रांग. हरिहर किल्ल्यावर मुलगा वर, हे खाली, मी मध्ये, आणि पायऱ्यांवर ह्यांचे पाय लटपटायला लागले. मुलीला सगळ्यात काय आवडलं, तर हॉटेलमागच्या तळ्यातली बदकं! यादी असती तर निदान सगळं पाहून तरी झालं असतं. असले लेख एकट्या-दुकट्यांनी लिहावेत आणि एकट्या-दुकट्यांनीच वाचावेत. आणि 'गर्दी आवडत असेल तरच त्र्यंबकला जा' म्हणजे काय? देवदर्शन म्हणजे काय बोटिंग आहे का? मिसळ कुठली खायची तेवढं तरी धड सांगा."

आधी देवाचं बोलतो. ते वाक्य चुकलं. पर्यटनावर लिहिता लिहिता सगळंच एका रकान्यात भरायची सवय लागते. ज्योतिर्लिंगाच्या दारात आलेली बाई 'मला रांग आवडते का' हा हिशोब करत नाही. लेखातून ते वाक्य काढून टाकलंय.

पण ताई, एक विचारू? रांगेत सहाच्या सहा जण होतात ना? दर्शनाची ओढ सासूबाईंना होती, तुम्हालाही असेल. चौथीतली पोर साडेतीन तास तिथे का उभी होती? तिने काय मागितलं असेल, तर पाणी आणि 'अजून किती' याचं उत्तर. आणि खुद्द सासूबाईंना तरी काय मिळालं? 'पुढे चला, पुढे चला' ऐकत क्षणभर नजर टाकायची आणि बाहेर. त्याच गावात, देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर, निवृत्तिनाथांची समाधी आहे. पंढरपूर तुमच्या जिल्ह्यातलं, त्यामुळे ज्ञानोबांचे थोरले बंधू आणि गुरू कोण हे सासूबाईंना मी सांगायला नको. पौष वद्य एकादशीची यात्रा सोडली तर तिथे टेकून बसता येतं, कुणी हुसकत नाही. मी लेखात त्याचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. गर्दीबद्दल शहाणपण शिकवण्यापेक्षा ते सांगायला हवं होतं.

आता स्वभावाचं. मी तो शब्द फार सैल वापरला, हे तुमच्या हरिहरवरून कळलं. आपण स्वतःला नावं देतो: मी साहसी, मी निवांत, मी निसर्गवेडा. या नावांचा काडीचा उपयोग नसतो. माझे एक साडूभाऊ आहेत. बोलण्यात पक्के ट्रेकर, बूट महागातले, पाठीवरची पिशवी त्याहून महागातली. त्यांना मी एका रविवारी हरिहरला नेलं. कातळात खोदलेल्या, जवळजवळ ८० अंशांत उभ्या चढलेल्या त्या पायऱ्या. धरायला खोबण्या आहेत, पण वर जाणारे आणि खाली येणारे त्याच एका जिन्यावर. मध्यावर खोळंबलं की पाठीशी दरी आणि नाकासमोर पुढच्याची टाच. साडूभाऊ तिथे जे गप्प झाले ते पायथ्याच्या टपरीवर चहाचा दुसरा कप हातात येईपर्यंत. त्यांचे पाय दमले नव्हते हो, जीव दमला होता. पुढच्या वर्षी त्यांना रामशेज किल्ल्यावर नेलं. नाशिकहून पेठ रस्त्याने अर्धा तास, चढ बेताचा. वर गेल्यावर मात्र सांगायला एवढं की माणूस थकत नाही: १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने वेढा घातला आणि एवढीशी ही टेकडी पाच वर्षांहून जास्त झुंजली. दारूगोळा कमी म्हणून लाकडाच्या तोफा करून डागल्या, असंही सांगतात. साडूभाऊ तिथे दोन तास बसले, सगळ्यांना वेढा समजावत होते, अनोळखी कॉलेजच्या पोरांनासुद्धा. माणूस गप्पिष्ट आहे, बूट ट्रेकरचे आहेत.

म्हणून हल्ली मी कुणाला 'तुम्हाला काय आवडतं' असं विचारत नाही. घरच्या सुट्टीत किती वाजता उठता, दुपारी जेवल्यावर काय करता, आणि कशाने वैतागता, एवढंच विचारतो. कशाने वैतागता हे सगळ्यात खरं उत्तर असतं, कारण त्यात कुणी शान मारत नाही. 'मला शांतता हवी' म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात शांतताच आहे, दहा दिवसांची, मोबाइल जमा करून, शब्द न बोलता. तिथलं ऐकलं की त्यातल्या निम्म्यांना गंगापूर धरणाच्या काठावरचं रिसॉर्ट पुरतं. त्यात वाईट काहीच नाही.

आणि स्वभाव काही गावावरून ठरत नाही. रंगपंचमीला आमच्या जुन्या नाशकात रहाडी उघडतात. पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, वर्षभर चौकात जमिनीखाली झाकलेले, वरून वाहतूक चालू असते. त्या दिवशी रंगाने भरतात आणि माणसं वरून धप्पकन उडी घेतात, त्याला धप्पा म्हणतात. हे पाहायला लोक लांबून येतात. मी पंचवटीत वाढलो आणि आजवर एकदाही धप्पा मारलेला नाही. गच्चीवरून बघतो. मला तेवढंच झेपतं.

पण तुमचा खरा मुद्दा सहा स्वभावांचा, आणि तिथे माझा लेख साफ उघडा पडला. मी तो एकटा माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिला होता, कारण मी स्वतः बराचसा एकटा हिंडतो. घरच्यांबरोबर हिंडायचं असेल तर ठिकाण निवडण्याची माझी कसोटी वेगळी आहे आणि ती मी लिहिलीच नव्हती: जिथे माणसांना भांडण न होता फुटता येतं आणि तासाभराने परत भेटता येतं, ते ठिकाण चांगलं.

आपल्याकडे सहलीत फुटणं म्हणजे रुसणं. 'सगळे मिळून आलोय ना?' या एका वाक्यावर अख्खी दुपार वाया जाते. पण पांडवलेणी घ्या. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक, वर लेणी, मध्ये पायऱ्या. ज्याला चढायचं नाही तो खाली बागेत बसतो, ज्याला सातवाहनांचे ब्राह्मी लेख बघायचेत तो तिसऱ्या लेण्यापाशी रेंगाळतो, दीड तासात सगळे गाडीत. सप्तशृंगीला तर सोय आयतीच आहे. २०१८ पासून ट्रॉली सुरू झाली, त्यामुळे सासूबाई ट्रॉलीने, नववीतला पाचशेवर पायऱ्यांनी, आणि कोण आधी पोचतं यावर पैज. त्र्यंबकसुद्धा असंच आहे. तुम्ही आणि सासूबाई देवळात, तेवढ्या वेळात मुलगा गंगाद्वारच्या सातशेवर पायऱ्या चढून आला असता, बरोबर आत्या असती तर उत्तमच. हरिहर मात्र फुटायला अगदी गैरसोयीचा. तिथे एकच जिना, वर जायचं तर सगळ्यांनी जायचं नाहीतर खाली उन्हात तीन तास वाट बघायची. तुमच्या मुलाला तो आवडला असेल, आवडणारच. त्याला एखाद्या माहीतगार गटाबरोबर, शनिवार-रविवार टाळून पाठवा. दाजींना मध्ये घालू नका.

दाजींबद्दल तुम्ही आणखी एका ओळीत लिहिलंय, "ह्यांना तर फक्त झोपायचं होतं, मग नाशिकला कशाला आलो?" ताई, डिसेंबरातलं नाशिक हे झोपण्यासाठी फार चांगलं गाव आहे. सोलापूरच्या उन्हातून आलेल्या माणसाला सकाळी नऊपर्यंत दुलईत पडू द्या. ती त्यांची सहल आहे. चार दिवसांतली एक सकाळ त्यांच्या नावावर लिहून टाकली असती तर त्यांनी उरलेल्या तिन्ही सकाळी तक्रार केली नसती, असा माझा अंदाज आहे.

आणि आता बदकं. तुम्ही ते वाक्य टोमणा म्हणून लिहिलंत, पण अख्ख्या प्रतिक्रियेत मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. चार दिवसांत त्या मुलीने एक गोष्ट स्वतः निवडली आणि ती आपण सगळ्यांनी हसण्यावारी नेली. निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, शहरातून सव्वा तासावर. गोदावरी आणि कादवाच्या संगमावर बंधारा घातला, मागे गाळ साचून उथळ पाणी पसरलं, आणि त्या उथळपणामुळेच पक्षी आले. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ते. डिसेंबर-जानेवारीत तिथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, नशीब असेल तर क्रौंचांचे थवे. चापडगावची स्थानिक मुलं दुर्बीण घेऊन बरोबर येतात आणि नावानिशी दाखवतात. उजाडता पोचायला हवं. म्हणजे मुलगी आणि तुम्ही पहाटे निघायचं, दाजी दुलईत, दहाला परत. हॉटेलमागच्या चार बदकांवर खूश होणाऱ्या पोरीला तिथे काय होईल याची कल्पना करा. हे मी लेखात एका ओळीत, 'पक्षिप्रेमींसाठी' असं लिहून संपवलं होतं. चौथीतली मुलगी स्वतःला पक्षिप्रेमी म्हणत नाही, बदकं बघते. हा दोष माझ्या लेखाचा.

नणंदबाई दिवसभर मेन रोडवर फिरल्या असं लिहिलंय. त्यांच्यासाठी येवला. पैठणी घ्यायलाच हवी असं नाही, माग बघायला जायचं. सोलापूरच्या माणसाला मागाचं काय कौतुक, असं म्हणाल. उलट आहे. ज्याने चादरीचा माग पाहिलाय त्यालाच कळतं की पदरावरचा मोर एकेक रंगाची वेगळी कांडी फिरवून विणायचा आणि उलट्या बाजूनेही तसाच दिसला पाहिजे म्हणजे काय काम आहे.

द्राक्षाच्या बागांचं फार लांबवत नाही. तुम्ही "घड हिरवेच होते" म्हणालात. ऑक्टोबरात फळछाटणी, त्यानंतर जानेवारी ते मार्च तोडणी. डिसेंबरात घड हिरवेच असणार, आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आलात तर नुसत्या काड्या. वाइनरीच्या जाहिरातीत ऋतू नसतो.

यादीबद्दल मात्र मी पूर्ण माघार घेणार नाही, अर्धी घेतो. रामकुंडापाशी रिक्षावाले पंचवटी दाखवतात: काळाराम, सीतागुंफा, तपोवन, दोन-तीन तासांत सगळं. मी त्यांची बरीच थट्टा केली होती. पण एकेका नावावर टिक करत जाण्यात ज्याला खरंच समाधान मिळतं असा माणूस असतो, माझे वडील तसे होते. परतताना वहीत ठिकाणांची नावं आणि खर्च लिहायचे आणि ती वही पाहुण्यांना वाचून दाखवायचे. तो त्यांचा प्रवास. तुम्ही तशा असाल तर यादी ठेवा, नव्हे लॅमिनेट करून ठेवा. फक्त ती सहाही जणांच्या गळ्यात घालू नका. काळारामच्या पूर्व दरवाजाशी बाबासाहेबांच्या १९३० च्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाची आठवण वाचत उभं राहायला मला अर्धा तास लागतो, रिक्षावाल्याला सात मिनिटं पुरतात. दोघांनाही एकाच रिक्षात बसवू नये.

पुन्हा यायचं म्हणताय. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, सासूबाईंना पर्वणीचीच इच्छा असेल तर वेगळं, नाहीतर तो काळ टाळा. जानेवारी बघा. आणि परतीच्या वाटेवर सिन्नर लागतंच, तिथे गोंदेश्वराला अर्धा तास थांबा. यादवकालीन देऊळ, दगडावर कोवळं ऊन, रांग नाही. सासूबाईंना डोळे भरून बघता येईल.

मिसळ. सकाळी दहाच्या आत, रविवार सोडून, मखमलाबाद रस्त्याच्या बाजूला जा. अंगणात खाटा-झोपाळे टाकलेल्या कुठल्याही ठिकाणी चालेल, नावावर भांडणं होतात म्हणून नाव लिहीत नाही. सासूबाईंना तिखट चालत नसेल तर रस्सा वाटीत वेगळाच येतो, त्यांना मटकी, दही आणि पापड पुरतील. पाव जास्तीचे आधीच सांगून ठेवा, नववीतला मुलगा बरोबर आहे.