वायसर गवतात, अठराशे रुपये खिशात

काल सकाळी मेकॅनिक आला, मोटरचं सील बदललं, 1800 रुपये घेतले आणि गेला. दुपारी दोनला मोटरने पाणी ओढायचं सोडलं. मिनिटभर ओढते, मग खोकते, मग नुसता कोरडा आवाज. टाकीत थेंब नाही, घरात दोन म्हातारी माणसं आणि वर मे महिन्याचं ऊन!

भाटघर धरणाच्या काठावर राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. मोटरवरचा प्लग उघडा, पाइप भरेपर्यंत बादली ओता. दीड इंची पंचवीस मीटर पाइप भरायला 28-30 लिटर लागतात, म्हणजे दोन भरलेल्या बादल्या, त्याही काठाचा चिखल तुडवत वर आणायच्या. काल असं सात वेळा केलं. आधी फूटवॉलवर, म्हणजे पाइपच्या पाण्यातल्या टोकाच्या झडपेवर, संशय घेतला. गुडघाभर गाळात उतरून तो बाहेर काढला, जाळीला गुंडाळलेली वेफर्सची पिशवी सोडवली. काठावर तंबू ठोकून रात्रभर गाणी वाजवणाऱ्यांचा हा प्रसाद. पण वॉल चांगला होता, पाणी धरून होता.

मग मोटर बंद करून, पाइप भरून नुसता बघत बसलो. मोटरजवळच्या युनियनखाली, म्हणजे पाइपच्या खोलता येणाऱ्या जोडाखाली, एक थेंब जमला, पडला. दुसरा जमला. मोटर चालू केली, तर तिथे एकदम कोरडं. तिथेच डोक्यात प्रकाश पडला. ओढणाऱ्या बाजूची गळती चालू मोटरला दिसतच नाही, कारण तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. युनियन खोलली. आत वायसरच नाही. शोधला तर मोटरपासून हातभर अंतरावर, गवतात पडलेला. काळा, रबरी, तळहातावर मावेल एवढा. सकाळी ह्या माणसाने युनियन खोलली, वायसर खाली पडला, आणि तसंच पान्याने आवळून टाकलं. अठराशे रुपयांत खाली वाकून बघणं बसत नव्हतं का?

फोन केला तर म्हणे, "साहेब, मोटर लहान पडते तुम्हाला. दोन एचपीची घ्या." हे वाक्य ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते! गेल्या पाच वर्षांत प्रत्येकाने हेच सांगितलंय. अरे, मोटर पाणी खालून ओढत नाही. आत पोकळी झाली की बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते, आणि हवेची ताकद समुद्रकाठीसुद्धा जेमतेम दहा मीटरची. आपण तर उंचावर, म्हणजे इथे त्याहूनही कमी. प्रत्यक्षात सहा-सात मीटरवर सगळं संपतं. दहा एचपी लावा, तेवढंच. वर ढकलायला एचपी लागतो, खालून घ्यायला सांधे घट्ट लागतात आणि मोटर पाण्याजवळ लागते. पण सांधे तपासण्यात विक्री नाही ना!

आणि पाण्याजवळ ठेवायची म्हणजे काय, ते आम्हालाच माहीत. उन्हाळ्यात धरणातून नीरेच्या कालव्यांना पाणी सुटतं आणि काठ रोज मागे सरकतो. धरणात बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडायला लागलं की मोटर दर आठ दिवसांनी खाली न्यायची, वायर वाढवायची, पाइप जोडायचा. प्रत्येक जोड म्हणजे हवा शिरायची एक नवी जागा. जुलैत उलटं. दोन वर्षांपूर्वी एका रात्रीत पाणी चढलं, सकाळी मोटर बुडालेली, वाइंडिंग खलास. त्याच वर्षी उंदरांनी वायर कुरतडली. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज 160 वर येतं, मोटर नुसती गुरगुरते आणि कंडेन्सर फुगतो. डीपीचा फ्यूज गेला तर तक्रार करून दोन दिवस वाट बघायची. पाणी उचलायची रीतसर परवानगी आहे, पट्टी एकदाही चुकवलेली नाही. आणि प्यायचं पाणी कोपऱ्यावरच्या दुकानातून कॅनने आणतो, समोर एवढं धरण असताना!

वायसर धुऊन मीच बसवला. युनियन हाताने आवळली, मग पान्याने अर्धा फेरा, बस. दोन बादल्या ओतल्या. पहिल्याच झटक्यात पाणी आलं, टाकी भरली तेव्हा साडेसात वाजले होते. आई दिवसभर तांब्याने मोजून पाणी वापरत होती, तिला रात्री नऊला आंघोळ करता आली.

रात्री त्याला वायसरचा फोटो पाठवला. उत्तर आलं: "घातला होता साहेब मी."



पैसे मी परत मागणार आहे. सगळे.